बिनदुकानाची येळवस

"अण्णा, एवढी येळवस झाली की वाटणीचं उरकून टाकू."

ताकाचा तांब्या इकडं सरकवा म्हणावं तितक्या सहज धाकटा भाऊ शिवप्रसाद हे बोलून गेला आणि भाकरीचा तुकडा मोडू लागला. येळवस, म्हणजे सगळ्या घरानं रानात जाऊन जेवायची मार्गशीर्षातली अमावास्या, दुसऱ्या दिवशीच होती. गॅसपुढं बसलेल्या त्याच्या वैनीची, लक्ष्मम्माची, तव्यावरची भाकरी टम्म फुगली, उलटायची राहिली, करपली. इतक्या वर्षांत तिच्या हातून भाकरी करपल्याचं घरात कोणी पाहिलं नव्हतं.

अण्णांनी, म्हणजे थोरल्या गुरुबसप्पांनी, समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. त्यात एक दाढीवाला माणूस सांगत होता की जहाजं थांबणार, वीज जाणार, गॅस संपणार, दुकानं बंद होणार आणि माणसं एकमेकांच्या दारात पीठ मागत फिरणार. दसऱ्यापासून गुरुबसप्पा हेच बघत होते. ऐकायला कोणी नसलं तर गोठ्यात जाऊन देवणी गाईलासुद्धा सांगत होते.

"वाटणी?" ते म्हणाले. "दुनिया बंद पडायली अन् तू वाटणी मागायलास?"

"दुनिया काय बंद पडायली न्हाई. उदगीरला मी परवाच चार गीझर विकले."

"तेच म्हणतो. बटण दाबलं की गरम, बटण दाबलं की गार. उद्या बटणच गेलं तर तुझं शहरातलं घर सकाळच्याला चहा पिऊ शकंल का? हे घर पिईल! कामून? एकत्र हाय म्हणून."

"चहापत्ती कुठं पिकती अण्णा आपल्या रानात?"

माघार घ्यायचा गुरुबसप्पांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मोबाईल पालथा घातला, आणि लक्ष्मम्मानं ओळखलं की आता काहीतरी बोलून बसणार.

"मग ऐक. उद्याची येळवस बिनदुकानाची. दिवस उगवल्यापास्नं रानातल्या कडब्याच्या कोपीत बाजारातली एक वस्तू येणार न्हाई. भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे, खीर, सगळं आपल्या मातीतलं. दुपारच्याला पंगत पोटभर जेवून उठली तर मी जिवंत हाय तवर वाटणीचं नाव काढायचं न्हाई. न्हाई उठली तर मी सोता तलाठ्याकडं येतो, म्हणशील तिथं सही करतो."

"मंजूर," शिवप्रसाद म्हणाला. रस्त्याकडच्या तुकड्यात त्याला दुकानाचं गोडाऊन बांधायचं होतं, आणि अण्णा सामाईक जमिनीत वीट ठेवू देत नव्हते. हे इतकं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पंच घरातच बसलेला होता. शेजारच्या रानाचे सिद्रामप्पा मामा शिडी मागायला आले होते आणि नेहमीप्रमाणे जेवायला बसले होते. त्यांनी बोटं चाटली आणि नियम सांगितला. "जे संपतं ते बाजाराचं. ते बंद. जे झिजतं ते घरचं. ते चालतं."

"काडीपेटी?" शिवप्रसादनं विचारलं.

"संपती. बंद."

"गॅस, बोअरची मोटार?"

"बंद, बंद."

"अण्णाची कवळी?"

सगळे गुरुबसप्पांच्या तोंडाकडं बघू लागले. "कवळी झिजती," मामा म्हणाले. "चालती."

"पण कवळी चिकटवायची पेस्ट?"

मामांनी गुरुबसप्पांकडं बघून मान हलवली. "पेस्ट संपती," ते दुःखानं म्हणाले.

"अन् मीठ?" गॅसपाशी पाठमोऱ्या बसलेल्या लक्ष्मम्मानं विचारलं. "मीठ कुठल्या वावरात पेरलंय म्हणं?"

गुरुबसप्पांनी मोबाईल पुन्हा सुलटा केला. दाढीवाला मिठाबद्दल काही बोलला नव्हता.

*

शिवकन्येला झोप लागली नाही. ती शिवप्रसादची बायको. मुलं लातूरला क्लासच्या मागं, नवरा दिवसभर दुकानात, आणि उदगीरच्या तिच्या घरात वर्षाची ज्वारी, डाळ, तिखट, कुरडया, पापड, लोणचं हे सगळं मळ्यातून येत होतं. पोत्यात भरून, चाळून, निवडून येत होतं. शिवकन्येनं लग्न झाल्यापासून एक खडा निवडला नव्हता. सणाला गाडीत बसायचं, मळ्यात यायचं, जाऊबाईच्या हातचं जेवायचं आणि डिकी भरून परत जायचं. वाटणी झाली तर हे सगळं कोण करणार होतं? नवऱ्याला गोडाऊन दिसत होतं. तिला पापडाचं पीठ दिसत होतं.

दिवस उगवताना सगळे रानात पोचले. हरभरा दवानं भिजला होता, करडई फुलली होती, आणि कडब्याची कोप काल संध्याकाळीच उभी करून ठेवली होती. शिवकन्या पदर खोचून लक्ष्मम्माकडं गेली.

"अक्का, सांगा. पहिलं काय करायचं?"

लक्ष्मम्मा चिंचेच्या झाडाखाली घोंगडी अंथरून बसत होती. "मला आठवत न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे गेलं डोक्यातून. मिक्सर आल्यापास्नं विसरले."

"अक्का, तुमी असं बोलल्यावर कसं व्हायचं? घर मोडायलंय!"

"मोडू दे की," लक्ष्मम्मा म्हणाली, आणि पाठ झाडाला टेकवली.

शिवकन्येच्या हळूहळू ध्यानात आलं. अक्कांना वाटणी पाहिजे होती. अण्णांच्या बायकोला, या घराच्या चुलीला. का ते विचारायची तिची हिंमत झाली नाही, पण लक्ष्मम्मानं आपण होऊन सांगितलं.

"वाटणी झाली की येळवस तुझ्या रानात तू करशील. मी पाव्हणी म्हणून येईन. लुगडं बदलून येईन. पाटावर बसेन. 'अजून थोडं घ्या' म्हणशील, मी 'नको नको' म्हणेन." तिनं घोंगडीवरचा चिंचेचा पाला झटकला. "आजवर मी कुणाला 'नको' म्हणले न्हाई. वाढलंच न्हाई कुणी मला."

शिवकन्येला वाईट वाटलं. पण पापडाचं पीठ आठवलं तसं ते वाईट वाटणं तिनं बाजूला ठेवलं आणि ती अण्णांकडं धावली.

"अण्णा, तुमच्या बाजूनं मी हाय."

गुरुबसप्पा कवळी खिशात घालून दोन गारगोट्या एकमेकींवर आपटत होते. "शाबाश," ते म्हणाले, पण दातांविना ते 'हाबाह' असं ऐकू आलं. लगेच त्यांचा अंगठा दोन गारगोट्यांमध्ये सापडला आणि पुढचं जे ते बोलले ते दातांविनाही स्पष्ट ऐकू आलं.

मिठाचा मार्ग शिवकन्येला एकाएकी सुचला. माहेरी तिची आज्जी पहाटे हरभऱ्यावरून फडकं फिरवून आंब, पानांवर सुटणारं पाणी, धरायची. खारट-आंबट असतो, एवढं तिला आठवत होतं. खारट किती आणि आंबट किती, हे आठवत नव्हतं. फडकं तर कुठं दिसेना. कोपीच्या मेढीवर नवऱ्याचा नवाकोरा शर्ट टांगलेला होता. पंगतीत घालायला आणलेला, दुधासारखा पांढरा.

शर्ट झिजतो, असा विचार करून शिवकन्येनं तो हरभऱ्यावरून ओढत सगळं वावर पालथं घातलं.

*

शिवप्रसाद बांधावर बसून मजा बघत होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. फक्त दुपार होऊ द्यायची होती. वैनी आपल्या बाजूनं आहेत हे त्याला सकाळीच कळलं होतं, आणि वैनी बसल्या म्हणजे खेळ संपला.

पण त्याचा एक दोष होता. बंद पडलेली वस्तू त्याला बघवत नसे. दुकानात गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं आणि "फेकून द्या, नवा घेतो" म्हणालं तरी तो आधी स्क्रू काढून आत बघायचा.

"अण्णा, तसं न्हाई पेटायचं."

"तुला काय करायचंय? तू तिकडं बघ."

"बघू कसा? डोळ्यापुढं चाललंय." तो उठला. "चष्मा द्या."

"चह्मा कहाला?"

"द्या म्हणतो ना."

एका चष्म्यानं काही होईना. त्यानं स्वतःचाही काढला, काचेवर काच धरली आणि उन्हाचा ठिपका कापसावर घेतला. आता दोघांही भावांना काही दिसेना. गुरुबसप्पा कापूस धरून, शिवप्रसाद चष्मे धरून, दोघं कपाळाला कपाळ लावून बसले.

"धूर निघायला का?" शिवप्रसादनं विचारलं.

"मला काय दिहतंय?"

"वास?"

"तुझ्या तेलाचा यायलाय."

लहानपणी पतंगाला मांजा लावताना असेच बसायचे दोघं, हे शिवप्रसादला आठवलं, आणि तो उगाच हसला. तेवढ्यात कापसानं पेट घेतला. काडी, मग तुराटी, मग चुलीतला जाळ. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, आणि थाप मारून झाल्यावर शिवप्रसादच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

"भावजी," चिंचेखालून लक्ष्मम्मा ओरडली, "तुमी कुणाच्या बाजूनं हाव?"

"तुमच्याच वैनी! हे जरा चुकून झालं."

पण मग तेलाचा प्रश्न आला. करडई घरची होती, पण शिवकन्या ती पाट्यावर रगडत होती आणि निघत होता तो नुसता चिखल. शिवप्रसादनं मान फिरवली. पुन्हा बघितलं. पुन्हा फिरवली. मग गाडीची डिकी उघडून जॅक काढला.

"जॅक झिजतो का संपतो मामा?"

"झिजतो," सिद्रामप्पा मामा म्हणाले.

त्यानं बैलगाडीच्या साटीखाली एक सपाट दगड ठेवला, त्यावर फडक्यात बांधलेली कुटलेली करडई, तिच्यावर लाकडाची फळी, फळीवर जॅक. मग दांडा फिरवायला लागला. बैलगाडी कण्हली. मामा आणि चार शेजारी गाडी उचलली जाऊ नये म्हणून वर चढून बसले. अजून फिरवला. आणि फडक्यातून पिवळं, जाडसर तेल ठिबकायला लागलं.

"अण्णा! अण्णा, बघा की! खरंखुरं तेल!"

शिवप्रसादनं बोट बुडवून चाटलं. उदगीरात आजवर त्यानं हजार मिक्सर विकले असतील, पण स्वतःच्या हातानं अशी वस्तू त्यानं कधी काढली नव्हती. "ह्याला अजून एक स्प्रिंग बसवली ना," तो म्हणाला, "तर दुप्पट निघंल." चिंचेकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याच वेळी मागं कोप पेटली.

चुलीतली ठिणगी कडब्यावर गेली होती. शिवकन्या ओरडली. मोटार बंद, विहिरीला दोर नाही, पाण्याचा हंडा उंडे शिजवायला वापरलेला. जवळ भरलेलं भांडं एकच होतं. शिवकन्येनं विचार केला नाही. तिनं आंबिलीचा रांजण दोन्ही हातांनी उचलला आणि कोपीवर ओतला.

फुस्स झालं. धुरातून ताकाचा, लसणाचा, भाजलेल्या ज्वारीचा असा काही वास सुटला की शेजारच्या रानातली माणसं जेवण तयार झालं समजून ताटं घेऊन निघाली.

*

पंगत बसली. अर्धी जळालेली कोप, तिच्यावरून थेंब थेंब गळणारी आंबील, आणि पुढं पाचपंचवीस माणसं. शिवप्रसाद हिरव्या डागांच्या शर्टात होता. शर्ट कुणी हिरवा केला हे त्यानं विचारलं नव्हतं, कारण तो अजून जॅकच्याच नादात होता.

गुरुबसप्पा पंगतीच्या टोकाला उभे राहिले. आपण वाटणीला एवढं का घाबरतो हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. जमिनीचं काही नव्हतं. जमीन काय, या बांधाची त्या बांधाला. पण सिद्रामप्पा मामांच्या घरी वाटणी झाली त्या वर्षापासून त्यांचा भाऊ येळवशीला स्वतःच्या रानात बसायचा. मध्ये एकच बांध. दोन्हीकडं दोन कोपी, दोन चुली, आणि मामा दर वर्षी शिडीचं, दोराचं, कशाचं तरी निमित्त काढून गुरुबसप्पांकडं जेवायला. जहाजं थांबण्याची भीती खोटी नव्हती, पण ती नंतरची होती.

शिवकन्येनं भज्जी वाढली. तूर, हरभरा, वाटाणा, सगळं ताजं, शेंगांतून काढलेलं. त्यात चिंच, आणि चिंचेवर शर्टातून पिळलेला आंब.

सिद्रामप्पा मामांनी पहिला घास घेतला.

त्यांचा एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. कान मागं गेले. पंगतीत एकेकाचं तोंड तसंच व्हायला लागलं. एक म्हातारा तर टोपी काढून हातात धरून बसला. आंबट म्हणजे किती आंबट, तर पलीकडं बांधलेल्या बैलानं ताटाचा नुसता वास घेतला आणि मान फिरवली. मीठ तर नव्हतंच.

"मामा," शिवप्रसाद म्हणाला, पण त्याच्या आवाजात सकाळचा जोर नव्हता. "पोटभर झालं का?"

मामा खात होते. डोळे मिटून, घाम पुसत, उंड्याचा तुकडा बुडवून बुडवून खात होते. "ह्यात," ते शेवटी म्हणाले, "तेल लई सुरेख उतरलंय."

"उतरलंय ना?" शिवप्रसाद पुढं सरकला. "घरची करडई मामा! समद्यांनी थोडं थोडं तेल वरून घ्या, आंबटपणा मरतो. थांबा, मीच वाढतो."

आणि ज्याला पंगत मोडायची होती तोच वाटी घेऊन पंगतीतून फिरू लागला. तेलानं खरंच थोडं बरं झालं. खीर गुळाविना होती, पण गव्हाबरोबर दूध इतकं आटलं होतं की ती आपोआप गोड लागत होती. लोक खायला लागले, एकमेकांची तोंडं बघून हसायला लागले, आणि हसता हसता अजून मागायला लागले. गुरुबसप्पांना चावता येत नव्हतं, म्हणून ते नुसती भज्जी पीत होते आणि प्रत्येक घोटाला अंग थरथरवत होते.

मामा हात धुवून उठले. "पंगत उठली," त्यांनी जाहीर केलं. "पोट भरलं का? भरलं. चव विचारायची ठरली नव्हती."

गुरुबसप्पांनी भावाला मिठी मारली. "हिवप्रहाद!" ते म्हणाले, आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं हसले. "बांध तुझं गोडाऊन. हामाईक जागेतच बांध. पण त्यात एक तेलाचा घाणा बहवायचा!"

"मी तेच म्हणायलो होतो अण्णा! स्प्रिंग बसवली की..."

शिवकन्येनं सुटकेचा श्वास टाकला. पापड वाचले.

गुरुबसप्पा चिंचेखाली गेले. बायकोपुढं उभे राहून त्यांनी खिशातली कवळी काढली, झटकली आणि या क्षणासाठी मुद्दाम तोंडात बसवली.

"बघितलं का? चाललं का न्हाई घर?"

लक्ष्मम्मानं घोंगडी झटकली, घडी घातली. "चाललं की."

"दुकानाबिगर चाललं."

"माझ्याबिगर चाललं," लक्ष्मम्मा म्हणाली.

गुरुबसप्पांचं हसू जिथल्या तिथं राहिलं. कवळी मात्र थोडी खाली आली.

"मी सकाळपास्नं हितं बसलेली हाय. काडी उचलली न्हाई. तरी चूल पेटली, तेल निघालं, एवढी माणसं जेवून उठली. तुमीच दाखवून दिलं." ती शांतपणे बोलत होती. तिला राग आला असता तर गुरुबसप्पांना सोपं गेलं असतं. "भावजी, उदगीरच्या घराची किल्ली द्या."

"किल्ली? कामून वैनी?"

"सुट्टीवर चालले."

"अक्का!" शिवकन्या तेलाच्या हातानं धावत आली. "तुमी गेल्यावर हितं कोण?"

"तू. तुला एकत्र घर लई आवडतं न्हवं? गाईची धार संध्याकाळच्याला काढायची. ती डाव्या बाजूनं बसलं तर लाथ मारती. उजव्या बाजूनं बसलं तरी मारती, पण जरा हळू."

"किती दिवस?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"बघू. दुनिया बंद पडली तर येईन."

शिवप्रसादनं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि मग खिशातून किल्ली काढून वैनीच्या हातावर ठेवली. गाडीनं सोडतो म्हणाला, पण गाडीचा जॅक बैलगाडीखाली अडकला होता, आणि लक्ष्मम्माला थांबायचं नव्हतं. ती बांधावरून फाट्याकडं चालायला लागली. देवणी गावाकडून एसटी आली तशी तिनं हात केला. खिडकीची जागा मिळाली.

*

उदगीरच्या घरात संध्याकाळच्या उन्हाचा पट्टा ओट्यावर पडला होता. लक्ष्मम्मानं दार लावून घेतलं. आधी तिनं सगळी बटणं एकदा दाबून बघितली. पंखा लागला, बंद केला. गीझरचा तांबडा दिवा लागला. नळाखाली हात धरून ती उभी राहिली, पाणी गरम व्हायला लागलं तरी हात काढला नाही.

पाय धुऊन ती गॅसपाशी आली. चहा करावा म्हटलं. पातेलं घेतलं, पाणी घातलं, आणि हात थांबला. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा सासू, सासरे, दीर, नणंदा, गडी, मग पोरं, मग पाव्हणेरावळे. एकटीपुरता चहा किती ठेवायचा असतो, ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं थोडं पाणी ओतून दिलं. अजून थोडं ओतलं. हे आता फारच कमी झालं असं वाटून परत घातलं.

चहा उकळला तेव्हा चार कप झाला.

तिनं चारही कप भरले, ओट्यावर ओळीनं मांडले, खुर्ची ओढली आणि त्यांच्यापुढं बसली.

"अजून थोडा घ्या," ती मोठ्यानं म्हणाली.

"नको नको," ती म्हणाली, आणि पहिला कप उचलला.